डीच्या आधीचं शून्य

बारावीला ‘बायफोकल कॉम्प्युटर’ घेतलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा: डी००० या पत्त्यावरच्या संख्येच्या दोन निबलची अदलाबदल करा आणि उत्तर डी००१ वर ठेवा. हात आपोआप चालू लागतो. एलडीए डी०००एच. मग चार वेळा आरएलसी. मग एसटीए डी००१एच. शेवटी एचएलटी. ८०८५ या प्रोसेसरसाठीचा सात ओळींचा ‘एएलपी’, म्हणजे असेंब्ली लँग्वेज प्रोग्रॅम. आठ बिटांची संख्या चारदा डावीकडे फिरवली की डावे चार बिट उजवीकडे येतात, उजवे डावीकडे जातात. ३५एचचं ५३एच होतं. माझ्या जर्नलमधल्या त्या पानावर सरांच्या लाल पेनाची टिक अजून आहे.

गेल्या दिवाळीत श्रीरामपूरला बहिणीकडे गेलो, तर भाच्याच्या वहीतही हेच पान. त्याने ते लॅपटॉपवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये टाइप करून ठेवलं होतं. सी++ची फाइल उघडली की तिथे शब्द रंगीत दिसतात आणि चुकीखाली लाल नागमोडी रेघ येते. इथे सगळा पडदा एका रंगाचा, मख्ख. झेड८० या दुसऱ्या प्रोसेसरसाठी कुणीतरी केलेलं एक एक्स्टेन्शन त्याने बसवून पाहिलं होतं, त्याचाही उपयोग शून्य.

“मामा, झेड८० आणि ८०८५ भाऊ-भाऊ ना? मग याला एमव्हीआय कसं कळत नाही?”

प्रश्न रास्त होता. फेदेरिको फॅजिन हे इंटेलमध्ये ८०८५च्या आधीच्या ८०८०च्या घडणीतले महत्त्वाचे गृहस्थ. ते बाहेर पडले, झायलॉग काढली आणि १९७६ मध्ये झेड८० आणला. ८०८०चा यंत्रसंकेत त्यावर जसाच्या तसा चालतो. पण सूचनांची नावं मात्र झायलॉगने इंटेलची घेतली नाहीत, स्वतःची पाडली. इंटेल लिहितं एमव्हीआय ए,०५एच. झायलॉग लिहितं एलडी ए,०५एच. चिपपाशी पोचेस्तोवर दोन्हींचं ३ई ०५ झालेलं असतं. ८०८५ही १९७६चाच, आणि त्याने इंटेलची बोली जपली. घर एकच, पण एकाने आडनाव बदलून घेतलेलं. एडिटरला फक्त आडनाव दिसतं.

श्रीरामपूर धरून आमच्या सगळ्या जिल्ह्यात ८०८५ घराघरात पोचला त्याला कारण आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे साखर कारखान्यांच्या सावलीत कॉलेजं उभी राहिली. तेव्हा ८०८५ सात वर्षांचा होता. एकाच ५ व्होल्टवर चालणारा, ४० पायांचा, परवडणारा. प्रयोगशाळेत त्याची किटं आली आणि अभ्यासक्रमाच्या मुळाशी तो जाऊन बसला. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या पेपरातही वर्षानुवर्षं तोच. (जुना म्हणून हसू नये. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीच्या डोक्यात याच घराण्यातला ८०सी८५ होता.)

तर आम्ही ठरवलं, ८०८५चं एक्स्टेन्शन आपणच लिहू.

पहिलं काम रंगांचं. व्हीएस कोड रंग देतो ते टेक्स्टमेट या २००४च्या मॅकवरच्या एडिटरच्या पद्धतीने. एका फाइलमध्ये नमुने लिहायचे: असा मजकूर दिसला तर ती सूचना, असा दिसला तर रजिस्टर, अर्धविरामापासून ओळ संपेपर्यंत टिपण. वाटलं, ८०८५च्या मूळ सूचना अवघ्या ७४, तासाभरात उरकेल. एमओव्ही, एलएक्सआय, जेएनझेड, कॉल, रेट. भराभर लिहून टाकलं आणि मग एडीडीपाशी ठेच लागली.

हेक्स आकडे ० ते ९ आणि ए ते एफ यांचे बनतात आणि शेवटी एच ही खूण असते. आता एडीडी हा शब्द पाहा. ए, डी, डी. सगळी हेक्सचीच अक्षरं! एडीसी, डीएए, डीएडी, सीसी, यांचंही तेच. रजिस्टरांची नावं ए, बी, सी, डी, ई, तीही हेक्सचीच. मग एडीडीएच असं कुठे दिसलं तर तो आकडा समजायचा की कुणी दिलेलं लेबल? जुन्या असेंब्लर लिहिणाऱ्यांनी याचा निकाल कधीच लावलाय: आकड्याची सुरुवात अंकानेच झाली पाहिजे. अक्षराने सुरू होत असेल तर आधी शून्य लावा. ०एडीडीएच म्हणजे आकडा, एडीडीएच म्हणजे नाव.

नियम घातला. झकास रंग आले. भाच्याने निबलचं पान उघडलं आणि डी०००एचवर रंगच नाही.

“मामा, हे आकडा धरतच नाही.”

“डीच्या आधी शून्य नाही ना.”

“पण सरांनी टिक केलीय.”

खरंच होतं. माझ्या सरांनीही केली होती. आपण बारावीची पोरं पिढ्यानपिढ्या डी०००एच असंच लिहितो, आणि कडक असेंब्लरसमोर ते ठेवलं तर तो डी०००एच नावाचं लेबल शोधत बसेल. आम्हाला कधी कळलं नाही, कारण आमचा प्रोग्रॅम असेंब्लरपर्यंत जायचाच नाही. जर्नलमध्ये पत्ता, हेक्स कोड, लेबल, सूचना, शेरा असे रकाने पेन्सिलने आखायचे. तक्त्यातून संकेत शोधायचा: एलडीएला ३ए, मग पत्त्याचे दोन बाइट उलट क्रमाने, ०० डी०. चार वेळा ०७. मग ३२ ०१ डी०, आणि ७६. अकरा बाइट किटच्या कीपॅडवर एकेक करून दाबायचे. दहावा दाबताना लोडशेडिंग झालं की रॅम कोरी, पुन्हा पहिल्यापासून. आमचा असेंब्लर आम्हीच होतो, आणि डी०००एच हा पत्ता आहे हे आम्हाला न सांगता कळायचं.

भाच्याचं म्हणणं, पुस्तकात शून्याचा नियम आहे तर तोच पाळायचा. मला ते पटेना. एडिटर ज्या माणसासाठी करायचा त्याची लिहिण्याची सवय त्याला ओळखता आली पाहिजे. शेवटी तोडगा निघाला: एलडीए, एसटीएसारख्या सूचनेच्या पुढे डी०००एच आला तर आकड्याचाच रंग द्यायचा, खाली फक्त पिवळी रेघ, ‘असेंब्लरला आधी ० लागेल’. लाल नाही. त्या पिवळ्या रेघेवर मी अडून बसलो होतो.

दुसरी गोष्ट मला रंगांपेक्षाही आवडली. सूचनेवर माउस नेला की छोट्या चौकटीत तिचा संकेत, बाइट आणि टी-स्टेट दिसतात. टी-स्टेट म्हणजे घड्याळाचे ठोके. एलडीएला १३, आरएलसीला ४, एसटीएला १३, एचएलटीला ५. सगळे मिळून ४७, म्हणजे ३ मेगाहर्ट्झवर जेमतेम १६ मायक्रोसेकंद. विलंबाच्या लूपमध्ये तर याच हिशेबावर सगळं असतं: एमव्हीआय सी,०एफएफएचचे ७, मग डीसीआरचे ४ आणि जेएनझेडचे १० असे २५५ फेरे, शेवटच्या फेरीत उडी नाही म्हणून ३ कमी. ३५७४ ठोके, सुमारे १.१९ मिलिसेकंद. हे आम्ही लॉगबुकच्या मागच्या पानावर मांडायचो.

रंगांचे नमुने ओळ पाहतात, त्यांना फाइल कळत नाही. जेएनझेड पुढे म्हणून उडी मारली आणि ‘पुढे’ हे लेबल कुठेच नसलं तर ते सांगायला अख्खी फाइल वाचणारं कुणीतरी हवं. ते काम लँग्वेज सर्व्हरचं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी एक सामायिक बोली जाहीर केली. सर्व्हर एकदाच लिहायचा आणि ती बोली समजणारा कुठलाही एडिटर त्याच्याशी बोलू शकतो. आमचा सर्व्हर एमओव्ही एम,एम यालाही हटकतो. एमओव्हीचे संकेत ४०एच ते ७एफएच असे ६४ घरांत ओळीने बसलेत, त्यातलं एम,एमचं घर ७६एच, आणि तिथे इंटेलने एचएलटीला बसवलंय. मेमरीतून त्याच मेमरीत नेण्याची हौस केली तर प्रोसेसर चिडीचूप.

सर्वांत जास्त छळलं ते मराठीने. भाच्याने गंमत म्हणून डीबी ‘नगर’, ३०० अशी ओळ लिहिली; डीबी म्हणजे पुढचं सगळं बाइट म्हणून ठेवा. ३०० एका बाइटात मावत नाही, तेव्हा रेघ ३०० खाली यायला हवी. ती आली पुढे, सहा घरं सरकून, रिकाम्या जागेवर. आमचा सर्व्हर बाइट मोजत होता, आणि ‘नगर’ची तीन अक्षरं यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइट घेतात. एडिटर मोजत होता यूटीएफ-१६ची एककं, त्यात ती तीनच. मोजमाप बदललं, रेघ जागेवर आली. नुसत्या इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही चूक जन्मात दिसली नसती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघताना पाहिलं, तर लॅपटॉप उघडा ठेवून भाचा जर्नल उतरवून काढत होता. पडद्यावर ०डी०००एच, हिरवंगार, कुठे रेघ नाही. वहीत मात्र डी०००एच.

“शून्य?” मी विचारलं.

“सर मार्क कापतील, मामा.”