फोड सुकला, पण रोग गेला का?

दवाखाना बंद करायच्या वेळेपर्यंत जो तरुण मुद्दाम मागे थांबतो, त्याचा ताप बहुधा थर्मामीटरमध्ये सापडत नाही. असाच एक तेवीस वर्षांचा मुलगा आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोकरी अंबरनाथच्या कंपनीत, घर बदलापूरला. कंपाउंडर बाहेर गेल्यावर त्याने तळहात पुढे केले. "डॉक्टर, लग्न ठरलंय. हे डाग मागच्या त्या गोष्टीमुळे तर नसतील?"

ती गोष्ट म्हणजे अडीच महिन्यांपूर्वी लिंगावर आलेला एक फोड. दुखत नव्हता, खाजतही नव्हता. मित्र म्हणाला उष्णता असेल, म्हणून आठवडाभर सब्जाचे पाणी झाले. मग लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' ही चिठ्ठी वाचून स्वारी एका भोंदूकडे गेली. पुड्या आणि तेल मिळून सहा हजार रुपये गेले. महिन्याभरात फोड सुकला आणि पोराची खात्री पटली.

वाचकहो, गोम इथेच आहे. हा सिफिलिस, जुन्या माणसांच्या भाषेत गरमी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, क्वचित तीन महिन्यांनीही, न दुखणारा फोड येतो आणि काहीही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून जातो. श्रेय पुडीला मिळते, जंतू रक्तात पसरलेले असतात. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग उठतात, बारीक ताप येतो, केस जातात. तेही ओसरते. उपचार झालाच नाही तर काहींच्या बाबतीत वर्षांनंतर हृदयाजवळची महाधमनी किंवा मेंदू बिघडतो. बायकोला लागण झाली तर पोटातल्या बाळापर्यंत रोग पोचतो. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. चिठ्ठ्या मात्र रोज नव्या दिसतात!

त्याची व्हीडीआरएल तपासणी पॉझिटिव्ह आली. 1943 पासून या रोगावर वापरात असलेले पेनिसिलिन आजही तितकेच गुणकारी आहे. या अवस्थेत लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. अॅलर्जी नाही ना, हे आधी पाहावे लागते. खर्च पुड्यांच्या मानाने नगण्य. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली, ती तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली.

लग्नाबद्दल मी स्पष्ट बोललो. रक्तातला आकडा उतरेपर्यंत तारीख पुढे न्यावी, आणि त्या मुलीला कळायला हवे. मी कोणाला सांगणार नाही, पण तू सांग. तो बराच वेळ गप्प बसला. तारीख त्याने पुढे नेली. मुलीला सांगितले की नाही, हे मी विचारलेले नाही.

आता दुसरी बाजू. प्रत्येक फोड म्हणजे काही असा रोग नव्हे. बारीक पाणीदार, झोंबणारे आणि पुन्हापुन्हा येणारे फोड हर्पिसचे असतात. रात्री खाज सुटते आणि घरातले इतरही खाजवतात, ती खरूज. सर्दी-जुलाबाच्या एखाद्या गोळीने दरवेळी त्याच जागी काळपट चट्टा उठणारेही असतात; त्यांनी बाहेर काहीच केलेले नसते, तरी भीतीने अर्धे झालेले असतात. टोकाभोवती ओळीने येणारे मोत्यासारखे दाणे तर रोगच नव्हे. पाहिल्याशिवाय हे ओळखता येत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावून येऊ नये, त्याने चित्र बिघडते.

ओळखीच्या डॉक्टरांकडे जायची लाज वाटत असेल तर सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात. आपल्या तिन्ही गावांना उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय सोयीचे पडते. 1097 या टोल-फ्री क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी असली तर 'त्वचा विभाग' एवढेच सांगावे.