विश्लेषण : डीएनएतील एक अक्षर बदलल्याने सिकलसेल कसा होतो?

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावती अशा जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांना सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हाडे आणि सांध्यांतील असह्य वेदना, वारंवार रक्त चढवणे, शाळेत आणि मजुरीत पडणारे खंड हे त्यांच्या रोजच्या जगण्यात आले आहे. या आजाराचे मूळ मात्र डीएनएच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी अवघ्या एका अक्षरात आहे. ते अक्षर एवढे निर्णायक का ठरते, हे पाहिले तर पेशीतील न्यूक्लिइक आम्लांचे काम, सिकलसेलची तपासणी आणि त्यावरचे नवे जनुकीय उपचार या तिन्ही गोष्टी उलगडतात.

न्यूक्लिइक आम्ले म्हणजे काय?

डीएनए आणि आरएनए ही पेशीतील दोन न्यूक्लिइक आम्ले. १८६९ मध्ये स्विस संशोधक फ्रीडरिक मीशर यांनी जखमेच्या पट्ट्यांवरील पुवातल्या पेशींमधून एक फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला. तो पेशीच्या केंद्रकात, म्हणजे न्यूक्लियसमध्ये सापडला, म्हणून त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटले गेले. पुढे त्यावरूनच न्यूक्लिइक आम्ल हे नाव रूढ झाले.

दोन्ही आम्ले न्यूक्लिओटाइड नावाच्या घटकांच्या लांबलचक साखळ्या असतात. प्रत्येक घटकात शर्करा, फॉस्फेट आणि बेस असे तीन भाग असतात. शर्करा आणि फॉस्फेट यांचा कणा साखळीभर सारखाच असतो. फरक असतो तो बेसमध्ये. डीएनएत अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन असे चार बेस असतात. त्यांना थोडक्यात ए, टी, जी, सी म्हणतात. ही चार अक्षरे कोणत्या क्रमाने येतात, यातच सजीवाची आनुवंशिक माहिती साठवलेली असते.

डीएनएची साखळी दुहेरी कशासाठी?

१९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएचे दुहेरी सर्पिल प्रारूप मांडले. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी टिपलेली छायाचित्रे आणि डीएनएत ए व टीचे तसेच जी व सीचे प्रमाण सारखे असते हे एर्विन शारगाफ यांचे निरीक्षण त्यासाठी मोलाचे ठरले. पीळ दिलेल्या शिडीसारख्या या रचनेत ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी येतो. शिडीची रुंदी सुमारे दोन नॅनोमीटर असते. एका मानवी पेशीतील सगळा डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. पेशीत तो प्रथिनांभोवती गुंडाळून ४६ गुणसूत्रांत बसवलेला असतो.

जोड्यांच्या या नियमाचा मोठा फायदा असा, की एक साखळी माहीत असली की दुसरी आपोआप ठरते. पेशीचे विभाजन होण्याआधी शिडी मधोमध उलगडते आणि प्रत्येक अर्ध्या भागासमोर नवा अर्धा भाग जुळवला जातो. ही नक्कल करणारी विकरे चुकीचे अक्षर लागले तर ते काढून पुन्हा बरोबर बसवतात. त्यामुळे १०० कोटी अक्षरांत जेमतेम एखादी चूक शिल्लक राहते. पण प्रजननपेशी तयार होताना राहिलेली चूक पुढच्या पिढीत उतरू शकते, आणि मग तीही मूळ अक्षराइतक्याच इमानाने पिढ्यानपिढ्या नकलली जाते.

मग आरएनएचे काम काय?

डीएनए केंद्रकात राहतो आणि प्रथिने केंद्रकाबाहेर तयार होतात. मधला निरोप आरएनए पोहोचवतो. आरएनए बहुधा एकेरी असतो, त्याची शर्करा थोडी वेगळी असते आणि थायमीनऐवजी त्यात युरॅसिल म्हणजे यू असतो. तो डीएनएपेक्षा लवकर तुटतो, आणि पेशीच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. मूळ प्रत जपून ठेवायची आणि गरजेपुरती कच्ची प्रत काढून काम झाल्यावर मोडून टाकायची, अशी ही व्यवस्था आहे.

प्रथिन बनवताना तीन प्रकारचे आरएनए एकत्र काम करतात. मेसेंजर आरएनए ही जनुकाची प्रत असते. रायबोझोम हा प्रथिने बनवणारा कारखाना मुख्यतः रायबोझोमल आरएनएचा बनलेला असतो. ट्रान्सफर आरएनए एकेक अमिनो आम्ल उचलून आणतो. मेसेंजर आरएनएवरची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. चार अक्षरांपासून असे ६४ त्रिक संकेत बनतात. त्यांपैकी ६१ संकेत २० अमिनो आम्लांसाठी असतात आणि तीन ‘येथे थांबा’ असे सांगतात. या संकेतांची उकल करण्यात भारतीय वंशाचे हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. त्यासाठी त्यांना १९६८ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

सिकलसेलमध्ये नेमके काय चुकते?

रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा प्रत्येकी दोन साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक ११व्या गुणसूत्रावर असते. त्यातील सहाव्या अमिनो आम्लाचा संकेत जीएजी असा असतो. सिकलसेलमध्ये मधल्या ए च्या जागी टी आलेला असतो. मेसेंजर आरएनएवर तो संकेत जीयूजी असा उतरतो आणि रायबोझोम तो बिनचूक वाचतो. परिणामी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन जोडले जाते. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत एवढाच फरक होतो.

पण ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलिनवर भार नसतो आणि ते पाण्यापासून दूर राहू पाहते. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू तयार होतात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे २५ कोटींहून अधिक रेणू असतात. इतके रेणू तंतूंत गुंफले गेले, की मऊ, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त न पोहोचलेल्या भागात तीव्र वेदना होतात. प्लीहा, फुप्फुसे, मूत्रपिंड आणि मेंदूलाही इजा होऊ शकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकलसेल पेशी साधारण १० ते २० दिवसांत नष्ट होते. रक्तक्षय होतो तो यामुळेच.

तपासणीत हा फरक कसा दिसतो?

पहिल्या टप्प्यात सोल्युबिलिटी चाचणी होते. त्यात सिकल हिमोग्लोबिन द्रावणात नीट विरघळत नाही आणि द्रावण गढूळ दिसते. पण व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन किती पुढे सरकते ते पाहतात. ग्लुटामिक आम्लाचा ऋणभार गेलेला असल्याने सिकल हिमोग्लोबिन मागे पडते. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हाच फरक दाखवून सिकलसेल हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे मांडले. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलते, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी काही वर्षांतच शोधले.

वाहक आणि रुग्ण यांत फरक काय?

प्रत्येकाकडे बीटा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही प्रतींत बदल असेल तर आजार होतो. एकाच प्रतीत बदल असेल तर ती व्यक्ती वाहक असते. दुसऱ्या प्रतीवरून पुरेसे चांगले हिमोग्लोबिन तयार होत असल्याने वाहकाला एरवी त्रास होत नाही. त्यामुळे चाचणी केल्याशिवाय आपण वाहक आहोत हे बहुतेकांना कळतच नाही.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण असले म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असे गणित येथे चालत नाही. शक्यता दर वेळी तेवढीच राहते. तसेच हा आजार एकट्या आईकडून किंवा एकट्या वडिलांकडून येत नाही, तो स्पर्शाने पसरत नाही आणि आहारातील चुकीमुळेही होत नाही.

हा बदल टिकून का राहिला?

वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. मलेरियाच्या प्रदेशांत वाहक मुले तगण्याची शक्यता अधिक राहिली आणि बदललेले अक्षर पुढे जात राहिले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये त्याची पहिली नोंद झाली. महाराष्ट्रात ते विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी तसेच विदर्भातील काही अनुसूचित जातींच्या समाजांत अधिक आढळते.

उपचारांत अक्षर दुरुस्त करता येते का?

परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणजे डीएनएही नसतो. त्यामुळे जनुकीय उपचार करायचा तो अस्थिमज्जेतील मूळ पेशींवरच. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्परवर आधारित उपचाराला मान्यता दिली. ब्रिटनने त्याआधीच्या महिन्यात ती दिली होती. क्रिस्परमध्ये आरएनएचा एक छोटा तुकडा अक्षरांच्या जोड्या जुळवत डीएनएवरील नेमकी जागा शोधतो आणि कॅस-९ हे विकर तेथे काप घेते. ज्या नियमाने डीएनएची नक्कल होते, त्याच नियमावर हे तंत्र चालते.

मात्र कॅसजेव्ही बदललेले अक्षर दुरुस्त करत नाही. गर्भात असताना बाळाच्या रक्तात बीटा साखळी नसलेले वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर ‘बीसीएल११ए’ हे जनुक त्याची निर्मिती दाबून टाकते. या जनुकाचे रक्तपेशींमधील नियंत्रण तोडले, की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. सध्या भारतात वापरले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया हे गोळ्यांच्या स्वरूपातील औषधही याच हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, पण ते नियमित घ्यावे लागते. कॅसजेव्हीसाठी रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, बदलून परत सोडतात. त्याआधी तीव्र केमोथेरपी द्यावी लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली.

भारतात सीएसआयआरच्या दिल्लीतील आयजीआयबी संस्थेने ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी क्रिस्पर उपचार विकसित केला असून, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. कमी खर्चाचा उपचार हे त्याचे उद्दिष्ट आहे.

तोवर काय करता येईल?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन ही तिची उद्दिष्टे आहेत. उपचार कितीही प्रगत झाले तरी या तपासणीचे महत्त्व कमी होत नाही. जनुकीय उपचार फक्त रक्ताच्या मूळ पेशी बदलतात, प्रजननपेशी नाही. म्हणजे बरा झालेला रुग्णही बदललेले अक्षर आपल्या मुलांना देतोच. म्हणूनच लग्नाआधी किंवा गर्भधारणेपूर्वी दोघांनीही तपासणी करून घेणे आवश्यक आहे. वाहक असणे हा आजार नाही आणि लग्नाला अडथळाही नाही. दोघेही वाहक निघाले तर पुढचे निर्णय समुपदेशन आणि गर्भजल तपासणीच्या आधारे घेता येतात. नवजात बाळाचे निदान लवकर झाले, तर न्यूमोकोकल लस, पेनिसिलिन आणि वेळेवर सुरू केलेले औषध यांमुळे त्याचे बालपण बरेच सुरक्षित होते.