थकलेल्या पेशी आणि रफी अहमद

इम्युनोथेरपी हा शब्द मी प्रथम वाचला तो एका नातेवाइकाच्या उपचारखर्चाच्या अंदाजपत्रकात. त्याची मुळे शोधत गेलो आणि पोहोचलो उंदरांच्या एका विषाणूपाशी व हैदराबादेत जन्मलेल्या रफी अहमद यांच्यापाशी.

उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन अहमद अमेरिकेत गेले. त्यांचा विषय टी-पेशी. या पांढऱ्या पेशींपैकी काही विषाणूबाधित पेशींना, तसेच कर्करोगाच्या पेशींना ओळखून मारतात. १९८४ साली मायकल ओल्डस्टोन यांच्यासह त्यांनी एलसीएमव्ही या विषाणूचा एक वाण वेगळा केला. मूळ वाणाला उंदीर साधारण आठवड्याभरात हटवतो. हा मात्र दीर्घकाळ मुक्काम ठोकतो. मग टी-पेशी जातात कुठे? काही मरतात हे खरे. पण १९९८ साली अहमद यांच्या गटाने दाखवले, की काही जिवंत असूनही निष्क्रिय असतात. ही अवस्था म्हणजे टी-पेशींचा 'थकवा'.

पेशीवरील पीडी-१ हे प्रथिन जपानच्या तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ मध्येच शोधले होते. थकलेल्या पेशींवर ते भरपूर असते आणि ब्रेकसारखे काम करते. २००६ साली अहमद यांच्या गटाने हा ब्रेक रोखला; पेशी पुन्हा कामाला लागल्या, विषाणू घटला. गाठीतल्या टी-पेशींचीही अवस्था अशीच असते. २०१४ पासून पीडी-१ रोखणारी कर्करोगाची औषधे बाजारात आली.

मग ती सर्वांना का लागू पडत नाहीत? २०१६ साली अहमद यांच्याच गटाने उत्तराचा एक धागा दिला. औषधाने पूर्ण थकलेल्या पेशी ताज्यातवान्या होत नाहीत. मूलपेशींसारख्या मोजक्या राखीव टी-पेशी वाढतात आणि त्यांतून नवे लढवय्ये तयार होतात. 'थकवा घालवणारे औषध' हे सोपे चित्र त्यामुळे बदलावे लागले.

राहिला खर्च. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्या रुग्णांना तोंडी औषधांच्या जोडीला निवोल्युमॅब दिले, तेही दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. वर्षाअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. अंदाजपत्रकातला आकडा पाहून परत फिरणाऱ्यांसाठी ही वाट उंदरांच्या त्या विषाणूइतकीच महत्त्वाची आहे.