बॅटरी रिक्षाच्या दिव्याला आणि भोंग्याला वेगळी बॅटरी



भाजीपाला, तांदूळ, मोहफूल आठवडी बाजारात न्यायला आता आपल्या भागात बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडीही वापरतात. मोठ्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर म्हाताऱ्या माणसांना नेणारी गाडी किंवा शहरातल्या गोल्फच्या मैदानावर फिरणारी गाडी, ही तिचीच भावंडं. गाडी घेतली की माणूस तिला दोन जादा दिवे लावतो, भाजी विकायला भोंगा बसवतो, मोबाईल चार्ज करायची सोय करतो. इथपर्यंत ठीक आहे. पण या सामानाला वीज कुठून घ्यायची, इथं गफलत होते आणि चार बॅटऱ्यांचा संच वेळेआधीच निकामी होतो. हा संच म्हणजे गाडीतली सर्वांत महागडी वस्तू.

साध्या रिक्षात १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात. मिळून ४८ व्होल्ट होतात व त्यावर मोटार चालते. दिवा आणि भोंगा मात्र १२ व्होल्टचे. मग कारागीर सोपी युक्ती करतो. चारपैकी एकाच बॅटरीला दोन वायरी लावून मोकळा होतो. दिवा झकास लागतो, म्हणून कोणाला काही खटकत नाही.

आता हिशेब बघा. दिवे व मोबाईल मिळून ३५ वॅट धरा, रोज ३ तास. म्हणजे १०५ वॅट-तास. १०० अँपिअर-तासाच्या चारही बॅटऱ्यांत मिळून ४८०० वॅट-तास वीज असते, तिच्यातून एवढी गेली तर समजतही नाही. पण एकट्या बॅटरीत १२०० च असते. तिच्यावर रोज जवळजवळ ९ टक्के जादा ओझं पडतं. चार बैल दिवसभर सारखेच राबले आणि रात्री त्यातल्या एकालाच पुन्हा जुंपलं, तसं हे झालं.

खरं नुकसान पुढं होतं. चार्जर चारही बॅटऱ्यांचे व्होल्ट एकत्र मोजतो, एकेकीचे नाही. संच भरत आला की चार्जर सुमारे ५७.६ व्होल्ट देतो, म्हणजे प्रत्येकीला १४.४ मिळायला हवेत. एक बॅटरी मागं राहून १३ वरच असली, तर बाकी तिघींवर १४.९ च्या आसपास जातात. त्यांचं पाणी उकळून उडतं आणि चौथी अर्धपोटीच राहते. दुसऱ्या दिवशी चढावर तीच आधी रिकामी होते. बाकीच्या तिघी तिच्यातून वीज ढकलतात, तेव्हा ती उलटी चार्ज होऊ लागते व तिच्या प्लेटा खराब होतात. मग आपण म्हणतो, "बॅटरीच हलकी निघाली!"

यावर दोन उपाय आहेत. पहिला कन्व्हर्टरचा. हा डबा चारही बॅटऱ्यांतून सारखी वीज घेऊन १२ व्होल्ट देतो. पुष्कळ गाड्यांत तो कारखान्यातूनच बसवलेला असतो. आधी विचारून घ्या. अंधार पडायच्या आत घरी येणाऱ्याला तेवढा पुरे. लिथियम बॅटरीची गाडी असेल तर कन्व्हर्टरच वापरावा, तो बंद डबा उघडून मधून वायर काढू नये.

पण कन्व्हर्टरची एक अडचण आहे. मुख्य संच संपला की गाडी थांबते आणि दिवेही विझतात. चंद्रपूर-मूल रस्त्यावर, सिंदेवाहीकडं किंवा आरमोरीकडं जंगलातून जाताना संध्याकाळी असं झालं तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. वाघ-अस्वलाची भीती आहेच. त्याहून जवळची भीती मागून येणाऱ्या ट्रकची. अंधारात उभी गाडी त्याला दिसत नाही. म्हणून बाजारातून उशिरा परतणाऱ्यांनी दिव्यासाठी वेगळी बॅटरीच ठेवावी, असा आमचा सल्ला आहे.

त्यासाठी पाणी न लागणारी १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासाची बंद बॅटरी पुरते. वजन ८-९ किलो. ती निम्मीच वापरायची असं ठरवलं तरी वर सांगितलेले दिवे ४ तासांवर चालतात. जुने ३५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे असतील तर मात्र दोनच तास, तेव्हा दिवे एलईडीचे घ्या. मोटारसायकलची जुनी ५ अँपिअर-तासाची बॅटरी लावून भागत नाही, तासाभराच्या आतच ती निम्मी होते.

या बॅटरीच्या दोन्ही वायरी दिव्यापर्यंत वेगळ्या न्या. मुख्य संचाच्या कुठल्याही टोकाला किंवा गाडीच्या सांगाड्याला त्या जोडू नका. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या आणि प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरातच १० अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज उडाला म्हणून तार गुंडाळायची सवय आपल्याकडं फार आहे. गाडीत त्यानं आग लागते. बॅटरी पट्टीनं घट्ट आवळा. टोकांवर रबरी टोपी घाला, नाहीतर पाना पडला की ठिणगी उडते. तिला १२ व्होल्टचा, अडीच-तीन अँपिअरचा स्वतंत्र चार्जर लागतो. रिक्षाचा ४८ व्होल्टचा चार्जर तिला चुकूनही लावू नका. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, जवळ बिडी पेटवू नका; विशेषतः पाण्याच्या बॅटऱ्यांतून निघणारा वायू पेट घेतो.

ज्यांनी आधीच एका बॅटरीवरून वायर घेतली आहे, त्यांनी ती आजच काढावी. रात्रभर चार्ज करून, दोन तास थांबून चारही बॅटऱ्या मीटरनं एकेक करून मोजा. भरलेली बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. एखादी इतरांपेक्षा ०.२ नं खाली असेल तर तिच्या जोडण्या सोडवून तेवढीच १२ व्होल्टच्या चार्जरवर भरून घ्या. तरीही आठवड्यात ती पुन्हा मागं पडली, तर ती गेली असं समजा.

आणि ज्यांच्या बांधीला सौर कुंपण आहे, त्यांनीही हे पाहावं. जागलीच्या मचाणावरचा बल्ब कुंपणाच्या बॅटरीवर लावला, तर मध्यरात्रीनंतर कुंपणाचा झटका बसेनासा होतो आणि नेमकी तेव्हाच रानडुकरं धानात शिरतात. तिथंही बल्बाला वेगळी बॅटरी ठेवा.