फोन उचलणार कोण?

नारायणगावजवळ आर्वी नावाचे गाव आहे. १९७१ साली तेथे देशातले पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. विक्रम साराभाईंचे नाव दिलेल्या या केंद्राच्या अवाढव्य तबकडीतून परदेशचे फोन उपग्रहाकडे झेपावू लागले. गंमत अशी, की त्याच काळात आसपासच्या गावकऱ्यांना पुण्यातल्या आडत्याशी बोलायचे तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावावा लागे आणि तो लागेपर्यंत बाकावर बसून राहावे लागे. लंडनचा आवाज जुन्नर तालुक्याच्या डोक्यावरून जात होता. तालुक्याचा आवाज मात्र मंचरच्या पुढे सरकत नव्हता.

पुढे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. तिने बनवलेली छोटी एक्स्चेंजेस खेडोपाडी बसली. एसटीडीचे पिवळे बूथ आले, त्यांच्यापुढे रात्रीच्या स्वस्त दरासाठी रांगा लागल्या. मग खिशात मोबाईल आला आणि आपण समजलो, की प्रश्न मिटला. फोन आता सर्वांकडे आहे. पण धंदेवाईकाचा खरा प्रश्न फोन असण्याचा नसतोच. वाजलेला फोन उचलणार कोण, हा असतो.

माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, आंबेगाव तालुक्यात कळंबजवळ भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर. शेतकरी महिनाभर आधी फोनवर रोपे सांगून ठेवतो. टोमॅटोचे रोप साधारण चार आठवड्यांचे झाले, की ते शेतात जायलाच हवे. ट्रेमध्ये राहिले तर मुळे गुंडाळतात, रोप लांबते, मग फुकट दिले तरी कोणी नेत नाही. म्हणजे हुकलेला एक फोन कधी कधी हजारो रोपांच्या भावात पडतो.

हे सारे फोन दाजी घेत. त्यांचा नंबर रस्त्यावरच्या फलकावर, पावत्यांवर आणि दोन्ही तालुक्यांतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी होता. २०२१ च्या उन्हाळ्यात दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. ‘हां’ आणि ‘हो’ एवढे दोन शब्द तेवढे उरले. घरी आणल्यावर त्यांचा मोबाईल उशाशी वाजू लागला, की ते डावा हात पुढे करत. फोन कानाला लावत आणि शब्द येईना, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई. ताईने फोन स्वतःकडे घ्यावा, तर तिच्या हाताला दिवसभर दाजींचे पथ्यपाणी. नर्सरीतल्या गड्याकडे द्यावा, तर शेड सखल जागी. तेथे रेंजच नाही. तो म्हणाला, “वहिनी, रेंज नव्हती म्हणून शेतकरी थांबत नाही. तो पुढच्या नर्सरीत गाडी घालतो.” नंबर बदलणे तर शक्यच नव्हते. वीस वर्षांची ओळख त्या दहा आकड्यांत होती.

तोड काढली भाच्याने. तो चाकणला कारखान्यात आहे. रविवारी आला आणि कागदावर चौकोन आखून आईला समजावत बसला. मीही ऐकत होतो. ते गणित सोपे होते.

कॉल वळवण्याची सोय प्रत्येक मोबाईलमध्ये असते. सगळेच कॉल वळवा, नाहीतर फक्त फोन गुंतलेला असताना, न उचलल्यास किंवा रेंज नसल्यास वळवा. पण अशा रीतीने कॉल एकाच नंबरावर जातो. भाच्याने परवानाधारक कंपनीकडून एक ‘व्हर्च्युअल’ नंबर घेतला. त्याला ना सिम, ना तार. तो कंपनीच्या संगणकावर नांदतो. दाजींच्या नंबरावरचे कॉल तिकडे वळवले. तिथला संगणक ठरवून दिलेल्या क्रमाने फोन वाजवतो: आधी नर्सरीत, मग ताईकडे, मग भाच्याकडे. कोणीच उचलला नाही, तर नंबर नोंदवून ठेवतो.

नर्सरीत रेंज नसताना फोन वाजतो कसा? तेथे फायबरची जोडणी घेतली. बोललेल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात आणि ते इंटरनेटवरून जाऊन पलीकडे पुन्हा जुळतात. जुन्या डिजिटल टेलिफोनच्या पद्धतीत आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजतात, तीच रीत येथेही चालते. यासाठी वेगवान इंटरनेट लागत नाही. न अडखळणारे लागते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. तांब्याच्या तारेच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टची वीज मिळे, म्हणून गाव अंधारात असले तरी फोन चाले. फायबरचे तसे नाही. घरची वीज गेली, की राऊटर मुका. म्हणून राऊटरला छोटी बॅटरी हवीच.

खर्च महिन्याला काहीशे रुपये. त्यात एक मेख आहे: फोन करणारा आपल्या नंबरापर्यंतचे पैसे देतो, तेथून पुढे वळवल्याचा खर्च वळवणाऱ्याचा. तो आपल्या प्लॅनमध्ये बसतो का, हे आधी विचारून घ्यावे.

कायद्याची बाजूही पाहावी. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली, पण अर्धीच. देशातल्या साध्या फोनशी ती जोडता येत नव्हती. परवानाधारक कंपन्यांना तशी वाट २०१८ मध्ये मोकळी झाली. तेव्हा कोणी ढीगभर सिम घातलेली पेटी दाखवून ‘फुकटात कॉल’ म्हणू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. तो बेकायदा धंदा आहे.

दुसरा धोका याहून मोठा. ‘कंपनीतून बोलतोय, एवढा कोड दाबा’ असे सांगून भामटे आपले कॉल स्वतःकडे वळवून घेत आणि फोनवर ऐकवला जाणारा गुप्त आकडा पळवत. हे प्रकार इतके वाढले, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. कॉल वळवायचे ते स्वतः, कंपनीकडे चौकशी करून. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. आणि बँकेला दिलेला नंबर धंद्याच्या नंबरापासून वेगळा ठेवावा. भाच्याने पहिले काम तेच केले होते.

व्यवस्था बसली, तरी पहिला आठवडा ताईला अवघड गेला. इतकी वर्षे हिशेब तिनेच लिहिला, ट्रे तिनेच मोजले. पण फोनवर बोलणे हे मालकाचे काम, असे तिनेही धरले होते. समोरून “मालक आहेत का?” आले, की ती अडखळे. एके दिवशी ओतूरच्या शेतकऱ्याने मिरचीच्या वाणाबद्दल विचारले. ताईने वाण सांगितला, लावणीचे अंतर सांगितले, आणि त्याच्या जमिनीत पाणी साचते का, हेही विचारले. तो म्हणाला, “बाई, पुढच्या वेळी तुम्हालाच फोन करतो.” त्यानंतर “मालक आहेत का?” या प्रश्नाला तिचे उत्तर ठरून गेले: “बोला, मीच बोलतेय.”

यंत्राने काय केले? आवाज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेला, एवढेच. ताईला रोपांतले जे कळत होते, ते यंत्राने दिले नव्हते. ते आधीपासून होते. त्याच्यापर्यंत फोन पोहोचत नव्हता. आपल्या घराघरांतून, दुकानांतून अशी किती माणसे असतील, ज्यांच्यापर्यंत धंद्याचा फोन कधी वळवलाच गेलेला नाही!

दाजींचा मोबाईल आता दिवसा वाजत नाही. पण संध्याकाळी सहा ते सात कॉल वळवणे बंद ठेवायचे, हे ताईनेच ठरवले. त्या वेळी जुने ओळखीचे शेतकरी मुद्दाम फोन करतात. टोमॅटोचा भाव सांगतात, पाऊसपाणी सांगतात. दाजी फोन कानाशी धरून ऐकत राहतात आणि मधूनमधून म्हणतात, “हां... हो.” समोरच्यालाही तेवढे पुरते.