आयटीसी, अनुसूची आणि चुकलेली भीती

आयटीसीच्या शेअरची गेल्या बारा वर्षांची वाटचाल आणि सिगारेटविषयीच्या कायद्यांची वाटचाल शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या विधेयकांनी बाजार हादरला त्यांतली बरीचशी कायद्यात उतरलीच नाहीत, आणि ज्या कायद्यांनी खरा तडाखा दिला ते संसदेत मंजूर होत असताना बाजार जवळजवळ स्वस्थ होता. आशीर्वाद आटा, सनफीस्ट, बिंगो, क्लासमेट अशी घराघरांत पोचलेली नावे असली, तरी या कंपनीच्या नफ्याचा मोठा वाटा आजही सिगारेटमधूनच येतो. त्यामुळे दिल्लीत तंबाखूविषयी कागद हलला की शेअर हलतो, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न आहे तो कोणता कागद वाचायचा, हा.

२५ नोव्हेंबर २०१४ हा दिवस घ्या. सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी घालावी, ही तज्ज्ञ समितीची शिफारस आरोग्य मंत्रालयाने स्वीकारल्याचे कळले आणि शेअर एका दिवसात पाच टक्क्यांच्या आसपास घसरला. भीती निराधार नव्हती. आपल्याकडे पाकीट घेणाऱ्यांपेक्षा टपरीवर एक-दोन सिगारेट मागून, तिथेच दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटवून पुढे जाणारे गिऱ्हाईक फार मोठे आहे. ही विक्री खरोखर थांबली असती तर खप नक्कीच आटला असता. जानेवारी २०१५ मध्ये ‘कोटपा’ म्हणजे २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा जनतेपुढे ठेवला गेला. सुट्या विक्रीवर बंदी आणि खरेदीचे वय १८ वरून २१, अशी त्याची मुख्य कलमे होती. तो मसुदा मागे पडला. २०२१ च्या सुरुवातीला जवळपास त्याच तरतुदी घेऊन नवा मसुदा आला, तोही कायदा झाला नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर राज्यापुरती बंदी घातली, पण टपरीवरचा व्यवहार त्याने थांबला नाही. बंदीची अंमलबजावणी लाखो टपऱ्यांवर करावी लागते. कर मात्र मोजक्या कारखान्यांच्या दारातच वसूल होतो. या एका फरकाकडे गुंतवणूकदारांनी फार कमी लक्ष दिले.

कराची गोष्ट २०१७ पासून पाहायला हवी. १ जुलैला जीएसटी आला. सिगारेटवर २८ टक्के कर आणि वर भरपाई उपकर लागला, पण एकूण बोजा आधीपेक्षा कमीच भरला. शेअर वधारला. १७ जुलैला जीएसटी परिषदेने दूरदृश्य बैठक घेऊन दर हजार सिगारेटींमागचा उपकर ४८५ ते ७९२ रुपयांनी वाढवला आणि दुसऱ्या दिवशी शेअर १२ टक्क्यांहून अधिक कोसळला. ‘अनपेक्षित’ हा शब्द त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी होता. पण राज्यांना भरपाई देण्याचा जो कायदा संसदेने त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मंजूर केला, त्याच्या अनुसूचीत उपकराची कमाल मर्यादा स्पष्ट छापलेली होती: हजार सिगारेटींमागे ४,१७० रुपये किंवा मूल्याच्या २९० टक्के. परिषदेला नवा कायदा करायचाच नव्हता, संसदेने दिलेला अधिकार तेवढा वापरायचा होता.

इतका महागडा धडा बाजार विसरला, याचे मला खरोखर वाईट वाटते. १ डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय अबकारी कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. सिगारेटच्या लांबीनुसार हजारामागे २,७०० ते ११,००० रुपयांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा त्यात होती. उपकर संपणार, त्याची जागा अबकारी शुल्क घेणार, एकूण भार फारसा बदलणार नाही, असा समज रूढ झाला आणि डिसेंबरभर भाव चारशे रुपयांच्या आसपास टिकून राहिला. ३१ डिसेंबरला अधिसूचना निघाली: १ फेब्रुवारीपासून हजारामागे २,०५० ते ८,५०० रुपये, आणि वर ४० टक्के जीएसटी. १ जानेवारी २०२६ रोजी आयटीसी जवळपास १० टक्के पडला, गॉडफ्रे फिलिप्स ही दुसरी सिगारेट कंपनी त्याहूनही जास्त.

कोणी म्हणेल, कमाल मर्यादा म्हणजे प्रत्यक्ष दर नव्हे, मग बाजाराने तिचा हिशेब का धरावा? आक्षेप योग्य आहे. २०२६ चा दरही मर्यादेच्या खालीच राहिला. पण बोजा बदलणारच नाही ही एकच शक्यता धरून चालणे आणि मर्यादेपर्यंतच्या शक्यता तोलणे यांत अंतर आहे, आणि एका दिवसातल्या १० टक्क्यांनी ते अंतर दाखवून दिले. दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा असतो: करवाढीने शेअर पडतो, कंपनी किंमत वाढवते, गिऱ्हाईक पुन्हा येते. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात सिगारेटवरचे राष्ट्रीय आपत्ती आकस्मिक शुल्क (एनसीसीडी) १६ टक्क्यांनी वाढले, तेव्हा सुरुवातीला पडलेला भाव त्याच दिवशी सावरला, हे खरे. पण ती वाढ एकूण कराच्या मानाने लहान होती. २०१२-१३ पासून सलग काही वर्षे अबकारी वाढत गेली तेव्हा खपावर ताण आलाच. शिवाय किंमत जितकी चढते तितका तस्करीच्या मालाला वाव मिळतो, ही कंपन्यांची तक्रारही पूर्ण खोटी म्हणता येणार नाही.

तरीही करवाढ अन्यायाची आहे, असे मी मानत नाही. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपण त्याच्या बरेच मागे होतो. धूम्रपानाने होणाऱ्या कर्करोगापुढे शेअरच्या भावाचे दुःख लहान आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या कंपनीत एलआयसीचा मोठा हिस्सा आहे, म्हणजे विमाधारकांचा पैसा आहे. जुन्या युनिट ट्रस्टची गुंतवणूक सांभाळणाऱ्या ‘एसयूयूटीआय’मार्फत खुद्द सरकारही भागधारक आहे. प्रत्यक्ष दर संसदेतल्या चर्चेच्या वेळीच, टप्प्याटप्प्याच्या वेळापत्रकासह जाहीर झाले असते, तर आरोग्याचे उद्दिष्ट तसूभरही ढळले नसते आणि कंपनीला, विमाधारकांना, तंबाखू पिकवणाऱ्या आंध्र-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना पुढचा हिशेब मांडता आला असता.