टॅब्लेट की लॅपटॉप : एका खरेदीचे अर्थशास्त्र

महाविद्यालयीन प्रवेशांचे दिवस आले की तालुक्याच्या गावातील प्राध्यापकाला पालकांच्या एका प्रश्नाचे उत्तर वारंवार द्यावे लागते. तीन वर्षांपूर्वी एका शेतकरी पालकाने तो मला विचारला. उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता नुकताच त्यांच्या हाती आला होता. 'सर, पोरीला टॅब घेऊन देऊ का लॅपटॉप?' मी फारसा विचार न करता सांगितले, 'टॅब घ्या. स्वस्त पडेल, हलका आहे आणि व्याख्याने ऐकायला पुरेसा आहे.' त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

पुढच्याच वर्षी त्या मुलीने प्रकल्पासाठी आठवडे बाजारातील कांद्याच्या भावांचा विषय घेतला. वीस आठवडे बाजारात स्वतः जाऊन तिने वहीत नोंदी केल्या. परंतु आकड्यांचे तक्ते करून चाळीस पानांचा अहवाल लिहिण्याची वेळ आली, तेव्हा काचेवर बोटाने टंकलेखन करणे तिला जमेना. अखेर वही एका टंकलेखन करून देणाऱ्या दुकानात गेली. तेथे दोन रकान्यांची अदलाबदल झाली आणि अहवाल सादर होईपर्यंत ती कोणाच्याच लक्षात आली नाही. तिचे परिश्रम खरे होते, निष्कर्ष मात्र चुकले. दोष दुकानदाराला देणे सोपे आहे. वस्तुतः तो माझ्या सल्ल्याचा होता. त्या सल्ल्याची फेरतपासणी करणे हे माझे कर्तव्य आहे आणि ती चारचौघांत केली तर इतरांच्याही उपयोगी पडेल, या हेतूने हा लेखनप्रपंच.

केल्विन लँकेस्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली उपभोक्त्याच्या वर्तनाविषयी एक नवा विचार मांडला. ग्राहकाला वस्तू हवी असते ती वस्तू म्हणून नव्हे. तिच्यात एकत्र आलेल्या गुणधर्मांसाठी तो तिची किंमत मोजतो, असे त्याचे प्रतिपादन होते. या दृष्टीने पाहिले म्हणजे 'टॅब्लेट चांगला की लॅपटॉप' हा प्रश्नच अपुरा ठरतो. कोणते गुणधर्म आपल्याला हवे आहेत आणि त्यांपैकी कोणते आपल्या घरात आधीच आहेत, असे विचारावयास हवे.

या दोन वस्तूंतील सीमारेषा पुसट होत चालली आहे, हे मान्य केले पाहिजे. ॲलन के या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली मुलांसाठी 'डायनाबुक' नावाच्या एका वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली, तेव्हा त्या पाटीसारख्या आकृतीतही पडद्याखाली कळफलक होता. पुढे बाजाराने त्या कल्पनेचे जणू दोन तुकडे केले. २००८ साली ॲपल कंपनीचा पातळ मॅकबुक एअर आला आणि २०१० साली कळफलकाविना आयपॅड आला. आज त्यांच्या अंतरंगातही फारसा भेद उरलेला नाही. २०२० च्या अखेरीस मॅकबुक एअरमध्ये बसविलेली एम-१ ही चिप २०२१ साली आयपॅड प्रोमध्येही बसविण्यात आली. आपल्या सरकारनेही ऑगस्ट २०२३ मध्ये आयातीवर निर्बंध घालण्याचे योजले, तेव्हा लॅपटॉप आणि टॅब्लेट यांना एकाच अधिसूचनेत बसविले. तात्पर्य, यंत्राच्या शक्तीवरून निवड करण्याचे दिवस संपले आहेत. भेद आता उपयोगाचा आहे.

टॅब्लेटचे गुण नाकारण्याचे कारण नाही. २०२० च्या टाळेबंदीत मी स्वतः एक टॅब्लेट घेतला. मागणी-पुरवठ्याचे वक्र लेखणीने पडद्यावर काढून दाखविणे त्यावर इतके सुलभ होते की, फळ्याची उणीव भासली नाही. पुस्तके वाचणे, टाचणे करणे, व्याख्यान ऐकणे, दूरच्या नातवंडांशी समोरासमोर बोलणे, चित्रे काढणे या साऱ्या कामांत तो लॅपटॉपपेक्षा सरस आहे. तो मांडीवर, अंथरुणावर, एसटीच्या बाकावर कोठेही वापरता येतो. निवृत्त गृहस्थाला, चित्रकाराला किंवा मुख्यतः वाचनच करणाऱ्याला त्याहून अधिक काही घेण्याची आवश्यकता नाही.

परंतु परीक्षा संपल्यावर एकशेवीस विद्यार्थ्यांचे गुण तक्त्यात भरण्याची वेळ आली, तेव्हा मी मुकाट्याने जुन्या लॅपटॉपकडे वळलो. दोन कागद शेजारी-शेजारी उघडून ताडून पाहणे, रकान्यांची बेरीज तपासणे, लांब मजकुरातील परिच्छेद मागेपुढे करणे ही कामे टॅब्लेटवर होतच नाहीत असे नाही. पण ती कष्टाने होतात, आणि जे कष्टाने होते ते माणूस टाळू लागतो. मराठी लेखनाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी शास्त्रशुद्ध रचना आहे. महिनाभर सराव केल्यास दोन्ही हातांनी, कळांकडे न पाहता मराठी लिहिता येते. काचेच्या पडद्यावर बोटांना कळांचा स्पर्शच जाणवत नसल्यामुळे तो सराव अंगवळणी पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की, टॅब्लेटला वेगळा कळफलक जोडावा म्हणजे झाले. येथेच पूरक वस्तूंचा हिशेब सुरू होतो. मोठ्या आकाराच्या आयपॅड प्रोला त्याच कंपनीचा कळफलक जोडला की एकूण वजन मॅकबुक एअरपेक्षा किंचित अधिकच भरते. म्हणजे ज्या हलकेपणासाठी टॅब्लेट घेतला तोच हातचा जातो. किमतीचेही तसेच. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. ते केवळ हिशेबासाठी कल्पिलेले आहेत. टॅब्लेट तीस हजारांचा, कळफलक आठ हजारांचा आणि लेखणी पाच हजारांची, असे एकूण त्रेचाळीस हजार झाले. तो पाच वर्षे टिकला तर वर्षाला ८,६०० रुपये पडतात. अठ्ठेचाळीस हजारांचा लॅपटॉप सहा वर्षे टिकला तर वर्षाला ८,००० रुपये पडतात. दुकानात जो अठरा हजारांनी महाग दिसत होता, तो वापराअंती स्वस्त ठरला. उलट, ज्याला कळफलक आणि लेखणी दोन्ही नकोत त्याला टॅब्लेट वर्षाला सहा हजारांतच पडतो. आयुर्मानाचा अंदाज बदलला तर उत्तरही बदलेल. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

लॅपटॉपला एक वर्ष अधिक का दिले, हेही सांगितले पाहिजे. यंत्र बिघडण्यापूर्वीच त्याला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची अद्ययावतता थांबते, ही या व्यवसायाची रीत झाली आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तथापि, अशा लॅपटॉपवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून तो आणखी काही वर्षे चालविता येतो. जुन्या टॅब्लेटला बहुधा हा मार्ग खुला नसतो. लॅपटॉपची बॅटरी बदलून देणारा कारागीर तालुक्याच्या गावीही भेटतो. डिंकाने चिकटविलेला टॅब्लेट उघडण्यास तोच कारागीर कचरतो. अर्थात, हलक्या लॅपटॉपांतही आता स्मृती, म्हणजे रॅम, पुष्कळदा कायमची जोडलेली असते आणि मागाहून वाढविता येत नाही. म्हणून ती घेतानाच पुरेशी, शक्य तर सोळा जीबी, घ्यावी.

तरीही सर्वांत महत्त्वाचा मुद्दा किमतीचा नाही. तो सीमान्त उपयोगितेचा आहे. ज्या घरात स्मार्टफोन आहे, त्या घरात पाहणे, ऐकणे, वाचणे आणि बोलणे हे गुणधर्म आधीच आलेले आहेत. टॅब्लेट त्यांचा विस्तार करतो, पडदा मोठा करतो. लॅपटॉप त्या घरात नसलेली क्षमता आणतो. लिहिण्याची, आकडेमोड करण्याची, रचना करण्याची. सधन कुटुंब दोन्ही घेते आणि प्रश्नच मिटवते. एकच वस्तू घेऊ शकणाऱ्या कुटुंबाला मात्र ही निवड जपून करावी लागते, कारण चुकीची दुरुस्ती करण्यास दुसरा हप्ता नसतो.

सरकारी योजनांनाही हाच निकष लावावयास हवा. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मोठ्या गाजावाजाने 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट आणला. थोड्याच वर्षांत तो विस्मृतीत गेला. त्याच वर्षी तामिळनाडूने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्यास आरंभ केला. आपल्याकडे 'महाज्योती' ही नागपूरची संस्था जेईई आणि नीट या प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब्लेट देते. व्याख्याने ऐकणे आणि पर्यायी प्रश्न सोडविणे एवढेच काम असताना ही निवड योग्यच म्हणावी लागेल. पण तोच विद्यार्थी पदवीच्या वर्गात आला की त्याच्याकडून निबंध, अहवाल आणि तक्ते यांची अपेक्षा सुरू होते. तेथे टॅब्लेट देऊन समाधान मानणे म्हणजे त्याला श्रोत्यांच्या रांगेत कायमचे बसविणे होय. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे, त्यांच्या बाबतीत तर हे अन्यायाचे आहे.

यंदा प्रवेशाच्या वेळी कोणी विचारले तर मी तत्काळ उत्तर देत नाही. उलट पालकांनाच विचारतो की, मुलाला किंवा मुलीला यावर काय करावयाचे आहे? ऐकावयाचे आणि वाचावयाचे असेल तर टॅब्लेट घ्यावा, आणि घरचा फोन चांगला असेल तर तोही घाई न करता घ्यावा. लिहावयाचे असेल तर एक ते सव्वा किलो वजनाचा साधा लॅपटॉप घ्यावा, आणि पहिल्या महिन्यात मराठी कळफलक शिकून घ्यावा.

त्या मुलीने नंतर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर बसून आपले वीस आठवड्यांचे आकडे पुन्हा भरले. गुणपत्रिकेत त्याने काही फरक पडणार नव्हता. पण कांद्याचा भाव कोणत्या आठवड्यात का पडला, हे तिने स्वतः मांडून मला दाखविले, तेव्हा तिच्या वडिलांना मी कोणती वस्तू सुचवावयास हवी होती, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.